सुभद्राबाईंनी शिकवलेला शत्रू

दिनांक ४ सप्टेंबर २०२३, सोमवार. या दिवशी देऊळघाटच्या अविनाशच्या बँक खात्यात रुपये सत्तावीस हजार चारशे पन्नास जमा झाले. करार महिना तीस हजार पाचशेचा, त्यातून दहा टक्के कर वजा. पैशांच्या मागोमाग पुण्याच्या कंपनीची मेल आली. अविनाशने ती मला वाचून दाखवली. सारांश असा होता : आपल्या खेळातला शत्रू मूर्ख आहे, खेळणारे लोक हसतात. महिनाअखेरपर्यंत तो शहाणा झाला नाही, तर एक ऑक्टोबरपासून करार संपला असे समजावे.

हा मजकूर अविनाशविषयी नाही, त्याच्या आईविषयी, म्हणजे माझ्या शेजारच्या सुभद्राबाईंविषयी आहे. पण त्याआधी शत्रूची ओळख करून द्यायला हवी.

अविनाशने बुलढाण्याच्या कॉलेजातून संगणकाची पदवी घेतली आणि घरी बसूनच या कंपनीचं काम धरलं. खेळाचं नाव 'घाटरक्षक'. काळ यादवांच्या वेळचा. खेळणाऱ्याने घाटावरचा किल्ला राखायचा. हाताशी भालाईत, तिरंदाज, घोडेस्वार आणि धान्याच्या चौदा बैलगाड्या. समोरची फौज संगणक चालवतो. त्या फौजेने कधी काय करायचं, हे लिहून ठेवण्याचं काम अविनाशचं होतं. ते बरोबर जमलं की नाही, हे पाहण्यासाठी रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर एक तास मी त्या फौजेशी लढत असे. मी हायस्कुलात वरिष्ठ लिपिक. निवृत्तीला तेव्हा आठ महिने राहिले होते. लढायांची मी वहीत रीतसर नोंद ठेवली होती. एकूण लढाया त्रेचाळीस, विजय त्रेचाळीस.

आता खरं सांगायचं तर या विजयांत माझं कर्तृत्व फारसं नव्हतं. शत्रूचा सेनापती लढाई सुरू झाल्याबरोबर सगळ्यांच्या पुढे धावत यायचा आणि दुसऱ्या मिनिटाला मरायचा. घोडेस्वार एकेक करून यायचे, रांगेत, रेशन दुकानात आल्यासारखे, आणि भाल्यांवर पडायचे. त्यांचे तिरंदाज त्यांच्याच माणसांच्या पाठीत बाण मारायचे. किल्ल्याची भिंत एका बाजूने पडलेली असली तरी अख्खी फौज बंद दरवाजाच ठोकत बसायची. माझा आवडता डाव वेगळाच होता. मैदानात एक देऊळ होतं. मी एकच घोडेस्वार त्या देवळाभोवती पळवत ठेवायचो. शत्रूची साडेचारशे माणसं त्याच्या मागे प्रदक्षिणा घालत राहायची. मी खुशाल उठून चहा घेऊन यायचो. परत येईतो त्यांची अकरावी फेरी चालू असायची.

करार गेला तर अविनाशला पुण्याला जाऊन नोकरी शोधणं भाग होतं. मग डोंगराच्या पायथ्याचं अडीच एकर भाजीचं वावर सुभद्राबाईंनी एकटीने राखायचं, नाहीतर बटाईने, अर्ध्या वाट्यावर, द्यायचं. सुभद्राबाई ओसरीत हिरव्या मिरच्या निवडत बसल्या होत्या. त्यांनी हातातली सडकी मिरची बाजूला टाकली आणि विचारलं, "बिघडलं काय बे त्या खेळात?"

"बिघडलं काहीच नाही, आई. शत्रू येडा आहे."

"मंग लिवला कोणं त्याले?"

"मीच."

"हाव," त्या म्हणाल्या आणि पुढची मिरची उचलली.

सुभद्राबाई मूळच्या अमडापूरच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इकडे आल्या. त्यांचे पती गोपालराव माझे स्नेही होते. अकरा वर्षांपूर्वी ते वारले तेव्हा भावकीने सल्ला दिला की, बाईमाणसाने डोंगराखालचं वावर राखणं शक्य नाही, वानरं काही ठेवणार नाहीत. बटाईने देऊन टाका. बाईंनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गोफण हातात घेतली. वय तेव्हा पन्नास. शिकवणारं कोणी नव्हतं. पहिल्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या घराच्या छपराची चार कवेलू फोडली, एका बैलाला विनाकारण पळवलं आणि एक दगड थेट माझ्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत घातला. लगेच स्वतःच शिडी घेऊन आल्या आणि भोक बुजवून गेल्या. जाताना म्हणाल्या, "भाऊजी, वाईट नका वाटून घेऊ. नेम तुमच्या टाकीवर नव्हता." दुसऱ्या वर्षी मात्र साठ पावलांवरून त्या वानराच्या हातातली काकडी पाडू लागल्या.

वानरांची त्यांना इतकी ओळख झाली होती की, त्यांनी प्रत्येकाला नाव दिलं होतं. टोळीचा म्होरक्या काळ्या तोंडाचा धिप्पाड नर. त्याचं नाव 'भासरे'. बटाईचा सल्ला सर्वांत आग्रहाने त्यांच्या थोरल्या दिरांनी, म्हणजे भासऱ्यांनी, दिला होता, त्यावरून. एकदा मी वावरात बसलो असताना त्या एकदम ओरडल्या, "भासरे आले!" मी शर्टाची बटणं नीट लावून उठून उभा राहिलो, तर समोर बांधावर वानर.

शेजारच्या गावातून कोणी सांगितलं म्हणून एका वर्षी त्यांनी बाजारातून कापसाचा मोठा वाघ आणून मक्यात उभा केला होता. पहिल्या दिवशी एकही वानर फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी ती लांब बसून पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी त्या वाघाच्या पाठीवर एक पिल्लू बसून कणीस खात होतं. दुसरा प्रयोग अविनाशवर झाला. बाजाराच्या दिवशी बाई भाजी घेऊन बुलढाण्याला जायच्या आणि नेमका तोच दिवस वानरं साधायची. म्हणून त्यांनी मुलाला आपलं लुगडं नेसवलं, डोक्यावर पदर दिला, हातात गोफण दिली आणि बांधावर उभं केलं. तासभर सगळं ठीक चाललं. मग अविनाशने पहिला दगड मारला. तो त्याच्याच मागे चार हातांवर पडला. त्यानंतर वानरं अशी काही उतरली की, संगणकाचा पदवीधर लुगड्यात पाय अडकून मिरचीच्या वाफ्यात पडला. हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. त्याने कोणाला सांगू नका म्हटलं होतं, पण लिहू नका असं म्हटलं नव्हतं.

तर मेल आल्यानंतर दोन दिवसांनी मी नेहमीप्रमाणे लढायला बसलो होतो. अविनाश शेजारी बसून शत्रूच्या चुका टिपत होता. सुभद्राबाई पहिल्यांदाच मिरच्यांचं टोपलं घेऊन आत आल्या आणि आमच्या मागे बसल्या. मी देवळाभोवती घोडेस्वार सोडला. साडेचारशे माणसं मागे निघाली. बाईंनी तीन फेऱ्या पाहिल्या.

"भाऊजी, हे काय करून राह्यले हे लोकं?"

"माझ्या घोड्याला पकडायला धावतात, वहिनी."

"एका घोड्यासाठी इतके?"

"हो."

"आन् कालही असेच धावले?"

"काल, परवा, तेरवा. वहीत आहे सगळं."

"बाप्पा!" त्या म्हणाल्या. "आमचे वानरं कापसाच्या वाघाले दोन दिवस भ्याले. तिसऱ्या रोजी बसले ना त्याच्यावर! हा तुमचा राजा महिनाभर फसून राह्यला. आन् भाऊजी, तुमाले काही वाटत नाही काय असं जिंकाले?"

मी वही मिटली.

त्या अविनाशकडे वळल्या. "काऊन बे, याचा म्होरक्या पह्यलेच काऊन धावते?"

"सेनापती आहे तो. शूर दाखवला."

"म्होरक्या कधी पह्यले येते काय? भासरे येतात काय? पह्यले एखादं पोरगं धाडतात. ते मार खाते. भासरे वरून पाह्यते, कोणाच्या हातात गोफण आहे, कोणाच्या हातात नाही." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आन् याले पाह्यजे काय?"

"कोणाले?"

"या फौजेले. हे इतके लोकं उठून तुमच्या घाटात आले. कायले आले?"

"आपल्याला मारायला."

"मले मारून त्याइले काय भेटते?"

अविनाशने माझ्याकडे पाहिलं. मी त्रेचाळीस लढाया जिंकल्या होत्या, पण समोरचे कशासाठी आले हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"पाह्य," बाई म्हणाल्या, "वानर माह्याशी लढाले येत नाही. ते कणसासाठी येते. कणीस भेटलं का जाते. म्हणून ते हुशार आहे. तुह्या शत्रूले काहीच पाह्यजे नाही, म्हणून तो असा गोल गोल फिरते."

एवढं बोलून त्या स्वयंपाकाला उठून गेल्या. माझा घोडा फिरत होता, मागे साडेचारशे माणसं फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोरी वही घेऊन वावरात गेला. चार दिवस तिथेच बसला. वावरात जायचं म्हटलं की तक्रार करणारा मुलगा आता न्याहारीच्या आधी बांधावर हजर असायचा. सुभद्राबाईंनी त्याच्यासाठी त्या चार दिवसांत एक मोठी गोष्ट केली : वानरांना येऊ दिलं. गोफण कमरेला खोचून त्या लिंबाखाली बसून राहिल्या. दोन वाफे काकड्या गेल्या. मी म्हटलं, "वहिनी, नुकसान होतंय."

"होऊ द्या," त्या म्हणाल्या. "पोरगा शिकून राह्यला." आणि मग खालच्या आवाजात, "पुन्याले गेला त मी काय काकड्या चाटू काय?"

करारासंबंधी त्या महिन्यात त्यांच्या तोंडून निघालेलं हे एवढंच वाक्य.

अविनाशने वहीत लिहिलेलं मी वाचलं. मुलाचं अक्षर वाईट, पण निरीक्षण चांगलं. आधी एक किंवा दोघे येतात. राखणदार कोण आहे ते पाहतात. एकीकडे गोंधळ घालतात, दुसरीकडून माल नेतात. म्होरक्या शेवटपर्यंत समोर येत नाही. एकदा फसले तर दुसऱ्यांदा कमी येतात, तिसऱ्यांदा येतच नाहीत. पोट भरलं की निघतात. मार बसला तरी निघतात. निघाले की जवळच्या सर्वांत उंच जागी जातात. हे सगळं त्याने जसंच्या तसं खेळात उतरवलं. वानर शब्द तेवढा काढून तिथे सैनिक घातला.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात मी नव्या शत्रूशी लढायला बसलो. देवळाभोवती घोडा सोडला. शत्रूचे दोन स्वार आले, एक फेरी मारून परत गेले. मी पुन्हा सोडला. कोणी आलं नाही. मी चहा घेऊन येईपर्यंत माझ्या चौदा गाड्यांपैकी नऊ गाड्या गेल्या होत्या. त्यानंतर मी ओळीने सात लढाया हरलो. नोंद रीतसर केली, पण दुसऱ्या पानावर. आठव्या दिवशी अविनाशची आई घरात नाही असं पाहून मी त्याला हळूच म्हटलं, "जुना शत्रू एखादा शिल्लक असेल तर माझ्या संगणकावर टाकून दे. निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा?" तो हसला. जुना शत्रू त्याने पेनड्राइव्हवर आणून दिला. अजूनही मी कधीकधी लावतो. प्रदक्षिणा चालूच असतात.

शुक्रवारी, २९ सप्टेंबरला, सकाळी अकरा वाजता कंपनीची परीक्षा होती. प्रतीक्षा मॅडम नावाच्या वरिष्ठ बाई पुण्याहून नवा शत्रू खेळून पाहणार आणि त्यांचा पडदा आम्हाला इकडे दिसणार. त्या म्हणतील तसं करार राहणार किंवा जाणार. शासनाने ईदची सुट्टी त्याच दिवशी दिली होती, म्हणून मला रजा टाकावी लागली नाही. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं आणि मिरवणुकीतल्या एका उंच मूर्तीच्या मुकुटाने गल्लीतली इंटरनेटची केबल तोडली होती. पावणेअकराला अविनाश आपला मोबाईल जोडायला गेला तर त्याचा दिवसाचा डेटा सकाळीच संपलेला. मग माझ्या मोबाईलवर एकसष्ट रुपयांचं रिचार्ज मारलं आणि तो खिडकीत उभा करून ठेवला. अकराला दोन मिनिटं कमी असताना जोडणी लागली.

सुभद्राबाई मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. आवाज करायचा नाही, असं अविनाशने त्यांना तीनदा बजावलं होतं.

मॅडम अनुभवी होत्या. त्यांनी सुरुवातीलाच देवळाभोवती घोडा सोडला. म्हणजे हा डाव पुण्यालाही माहीत होता. मला वाटत होतं तो माझाच आहे. शत्रूचे दोघे आले, गेले. दुसऱ्यांदा कोणी आलं नाही. "अच्छा," मॅडम म्हणाल्या. मग डाव्या बाजूला तीन स्वार येऊन नुसते उभे राहिले. मॅडमनी तिरंदाज तिकडे वळवले. तिघे मागे सरले, पुन्हा पुढे आले, पुन्हा मागे. मॅडमनी भालाईतही तिकडे पाठवले.

"सेनापती दिसत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "अविनाश, सेनापती टाकायचा राहिला का?"

अविनाश घाबरून कीबोर्ड चाचपू लागला. मागून सुभद्राबाई म्हणाल्या, "राह्यला नाही, तो येत नसते. तो तुमाले पाहून राह्यला."

"कोण बोलतंय?"

"माझी आई आहे, मॅडम. सॉरी. आई, गप ना!"

"तिकडे उजवीकडे पाहा म्हणा त्याइले," आई म्हणाल्या.

मॅडमनी उजवीकडे पाहिलं. चाळीस माणसं गाड्यांना बैल जुंपून घाटाकडे निघालेली होती. अकरा गाड्या गेल्या होत्या. तिरंदाज परत येईपर्यंत बाराव्या गाडीचं मागचं चाक डोंगराआड झालं. किल्ल्यात दोन गाड्या धान्य उरलं. पडद्यावर अक्षरं आली : आपला पराभव झाला आहे.

अविनाशचा चेहरा उजळू लागला होता, तेवढ्यात पडद्यावर पुढचा प्रकार घडला. लुटून निघालेली फौज घाट उतरून जायला हवी होती. ती गेली नाही. टेकडीवर एक मोठं वडाचं झाड होतं. सगळी फौज त्या झाडावर चढू लागली. आधी पायदळ, मग घोडेस्वार, घोड्यांसकट. शेवटी शत्रूचा एकुलता एक हत्ती बुंध्यावरून सरळ वर गेला आणि शेंड्यावर, सेनापतीच्या शेजारी, जाऊन बसला. मुलाने 'जवळची सर्वांत उंच जागा' असं लिहिलं होतं. झाड वगळून असं लिहायचं राहिलं होतं.

अविनाशने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "संपलं, काका," तो मला म्हणाला.

"संपलं काय?" सुभद्राबाई पुढे सरकून पाहत म्हणाल्या. "बरोबरच आहे. पोट भरलं का झाडावरच बसते. हत्ती तेवढा जास्त झाला."

संगणकातून विचित्र आवाज येऊ लागला. आधी मला वाटलं जोडणी तुटतेय. मग कळलं, मॅडम हसत होत्या. त्यांनी ऑफिसातली आणखी दोन-तीन माणसं बोलावली, तीही हसू लागली. एकाने त्या झाडाचा फोटो काढला. बऱ्याच वेळाने मॅडम सावरून म्हणाल्या, "अविनाश, दोन वर्षांत मी या खेळात पहिल्यांदा हरले. हत्ती खाली उतरव. घोडेही. बाकी काही हात लावू नकोस. करार मार्चअखेरपर्यंत वाढवून पाठवते."

"हाव, मॅडम," अविनाश म्हणाला. एरवी तो पुण्याशी 'हो' म्हणत असे.

"आणि काकूंना विचारायचंय. याला हरवायचं कसं?"

अविनाशने आईकडे पाहिलं. सुभद्राबाईंना संगणकावरून बोलायची सवय नव्हती, त्या नेहमीपेक्षा मोठ्याने बोलल्या, जणू पुणे डोंगरापलीकडेच आहे. "हरवता येत नाही, बाई. बांधावर उभं राह्याचं. रोज. तुमी दिसले का अर्धं वाचते."

"रोज?"

"मंग! आज वावरात नाही गेली मी, तुमच्यासाठी बसून राह्यली अथी. तथी काकड्या चालल्या असतील माह्या." असं म्हणून त्या खरोखरच उठल्या. खुंटीवरची गोफण घेतली, चपला घातल्या आणि वावराकडे निघून गेल्या. मॅडम अजून बोलत होत्या.

हत्तीला झाडावरून उतरवायला अविनाशला चार दिवस लागले. एक घोडा अजूनही कधीकधी चढतो, तो कंपनीने राहू दिला आहे. मार्चनंतर करार पुन्हा वाढला. अविनाश देऊळघाटातच आहे आणि बाजाराच्या दिवशी वावर तोच राखतो, आता पँट घालून. नेम तसाच आहे.

त्या दिवशीच्या रिचार्जचे एकसष्ट रुपये अविनाशकडून येणे आहेत.